फळ्यांच्या जमिनीसाठी हातनेलर

बैहरहून मुक्कीमार्गे कान्हात शिरलं की सालवन लागतं. सालाचं लाकूड कणखर, त्यात उलटसुलट रेषांचं. सरळ ठोकला तर खिळा वाकतो, नाहीतर फळी तडकते. त्याला आधी भोकच पाडावं लागतं.

सालाऐवजी सागाच्या फळ्यांची जमीन करायची, तर हाताने चालणारा नेलर, म्हणजे खिळे ठोकायचं यंत्र, कामाचा. कॉम्प्रेसर लागत नाही. वीज गेली तरी काम चालू. यंत्र फळीच्या जिभेवर, म्हणजे कडेला पुढे आलेल्या पट्टीवर, टेकवायचं, वरून मोगरीचा घाव घालायचा. खिळा 45 अंशांत तिरका शिरतो आणि पुढच्या फळीखाली दडतो.

निवडताना किमतीआधी फळीची जाडी बघावी. पाऊण इंची फळीला सहसा 16 गेजचे दोन इंची खिळे लागतात. पातळ किंवा तडकणाऱ्या फळीला 18 गेजचे, आणि त्यांचं यंत्रही वेगळं. नवशिक्याने रॅचेटचाच घ्यावा: पहिला घाव कमी पडला, तरी दुसऱ्यात खिळा पूर्ण बसतो. एका घावाचं यंत्र तयार हातालाच शोभतं.

भिंतीलगतच्या ओळींत मात्र हे धूड मावत नाही. तिथे हातानेच ठोकणं आलं. विकत घेण्याआधी टाकाऊ तुकड्यावर दोन-चार खिळे मारून बघा. जीभ फुटली, तर बारीक खिळ्याचं यंत्र मागा.