भाकरी किती आणि कशाबरोबर?



करमाळा तालुक्यातले आमचे केम गाव बाहेरच्यांना कुंकवामुळे माहीत असते. आमच्या रोजच्या ताटात मात्र मान शाळूच्या भाकरीचा. मालदांडी ज्वारी ही सोलापूर जिल्ह्याची ओळख. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याचा अभिमान जरूर असावा. पण या अभिमानातून अलीकडे एक समजूत पसरली आहे, तिच्याविषयी आज बोलायचे आहे.

रक्तात साखर निघाली की गावात पहिला सल्ला मिळतो, "चपाती सोडा, भाकरी धरा." आमच्या गल्लीतल्या एक खाला मला म्हणाल्या, "बेटा, आता मी भाकरीच खाते. मग गोळी कशाला?" गोळी बंद करून त्यांना दोन महिने झाले होते. तपासणीत साखर पहिल्यापेक्षा वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली.

आता हिशेब पाहू. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात. गव्हाच्या पिठात सुमारे ६४ ग्रॅम. म्हणजे या बाबतीत दोघी बहिणीच! ज्वारीत तंतुमय भाग चांगला, म्हणून ती पोटाला आधार देते, हे खरे. पण कर्बोदके कोणत्याही धान्यातली असोत, पचल्यावर त्यांची साखरच होते. ही साखर पेशींपर्यंत पोचवायला इन्सुलिन लागते. मधुमेहात ते कमी पडते किंवा त्याचा परिणाम नीट होत नाही, आणि साखर रक्तातच साचून राहते.

मग आपले आजी-आजोबा तीन-तीन भाकऱ्या कशा पचवत? ते दिवसभर मोटेमागे, नांगरामागे, खुरपणीत राबत. खाल्लेले शिवारातच खर्ची पडे. आज शेतावर मोटारसायकलने जायचे, मोटार बटणावर चालू करायची, आणि भाकऱ्या मात्र तेवढ्याच. वर दिवसाला पाच कप चहा, कपात दोन चमचे साखर. ही झाली जवळजवळ ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपासच ठेवा. उसाच्या जिल्ह्यात हे पचनी पडणे अवघडच!

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. २०२५ साली याच पाहणीतून आणखी एक गोष्ट कळली. आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून नुसते धान्य बदलले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातल्या थोड्या कर्बोदकांच्या जागी कडधान्ये किंवा दूध-दह्यातली प्रथिने आली, तेव्हा मात्र तो कमी दिसला.

उपवासातही हेच गणित. आमच्या रमजानात रोजा सोडताना खजूर, सरबत, भजी एका दमात पोटात जातात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे. नियत चांगली असली तरी रक्तातली साखर काही धर्म विचारत नाही. गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रोजा वा उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

भाकरी सोडा असे मी सांगत नाही. तीन खात असाल तर दीडवर या. मोकळ्या जागेत मटकीची उसळ, पिठले, मेथीची भाजी, वाटीभर दही, काकडी-कांदा येऊ द्या. शेंगदाण्याची चटणी असू द्या, पण चमचाभरच. चहातली साखर आजपासून अर्धी करा. जेवणानंतर वेशीपर्यंत चालून या. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

खाला आता एक भाकरी खातात आणि वाटीभर उसळ आधी संपवतात. पुढच्या महिन्यात त्यांची पुन्हा तपासणी आहे. तुमच्या घरात चाळिशी ओलांडलेल्या कुणी अजून साखर तपासली नसेल, तर या आठवड्यात त्यांना घेऊन जा.