दुसऱ्या स्थानावरील कारकीर्द : सहायक प्रशिक्षक बड फॉस्टर



संस्थेचा इतिहास लिहावयास बसले की प्रथम प्रमुखांची यादी हाती येते. कोण कोणत्या वर्षी मुख्याध्यापक झाले आणि कोण केव्हा निवृत्त झाले, हे फलकावरच लिहिलेले असते. प्रमुखपद न भूषविता त्याच संस्थेत हयात घालविणाऱ्या माणसांची मोजदाद कशी करावी, हे मात्र कोठे लिहिलेले नसते. या प्रश्नाचे एक विचारप्रवर्तक उत्तर आपल्यापासून फार दूर, अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल मैदानावर सापडते.

तेथील फुटबॉल म्हणजे कोलकाता, गोवा वा केरळ येथे खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू बहुतेक वेळ हातात घेऊन धावायचे किंवा सहकाऱ्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तरच चेंडू आपल्याकडे राहतो. चढाई करणारे अकरा खेळाडू वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. या सामन्यांना साठ-सत्तर हजार प्रेक्षक जमतात. एवढा पसारा एकट्या मुख्य प्रशिक्षकाला आवरत नाही. त्याच्या हाताखाली दहाएक सहायक असतात. त्यांतील दोघांकडे अनुक्रमे चढाई आणि बचाव यांची संपूर्ण आखणी असते. प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती पुनःपुन्हा पाहणे, डाव रचणे, ते सरावात घोटून घेणे आणि गुणी शालेय खेळाडूंच्या घरी जाऊन आईवडिलांचे मन वळविणे ही सारी कामे सहायकांची.

या व्यवसायात स्थैर्य दुर्मिळ. मुख्य प्रशिक्षक गेला की नवा येताना आपली माणसे घेऊन येतो आणि जुन्या सहायकांना बिऱ्हाड हलवावे लागते. उलट, सहायकाचे नाव झाले तर दुसरे विद्यापीठ त्याला मुख्य पदासाठी बोलावते. अपयश घालवून देते आणि यश बोलावून नेते. मग एका जागी टिकायचे कोणी?

बड फॉस्टर टिकले. केंटकीमधील मरे स्टेट विद्यापीठात ते खेळाडू होते. खेळणे संपल्यावर १९८१ मध्ये तेथेच शिकाऊ सहायक झाले. त्याच वर्षी मुख्य प्रशिक्षकपदी आलेले फ्रँक बीमर १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांनी फॉस्टर यांना बरोबर नेले. डोंगराळ ब्लॅक्सबर्ग गावातील हा संघ तेव्हा बड्या संघांत गणला जात नव्हता. १९९२ मध्ये तर ११ पैकी केवळ २ सामने जिंकता आले. विद्यापीठाने बीमर यांच्यावर विश्वास ठेवला आणि पुढील वर्षापासून चित्र पालटले.

१९९५ मध्ये बचावाची सूत्रे प्रथम सहकाऱ्यासमवेत फॉस्टर यांच्याकडे आली. त्याच सुमारास एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा संघाचे चिन्ह झाला. खाणकामगार भाकरतुकडा घेऊन कामावर जातो, तसला तो डबा. कामावर यायचे, अंग मोडून राबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, एवढाच त्याचा अर्थ. बचाव फळीतील खेळाडू तो घेऊन मैदानात उतरत. परक्या मैदानावर विजय मिळाला की तेथील गवताचा तुकडा त्यात जपला जाई. जानेवारी २००० मध्ये हा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला आणि फ्लोरिडा स्टेटकडून ४६–२९ असा हरला. त्या दिवशी समोरच्या संघाचा बचाव सांभाळत होते मिकी अँड्रूज, तेही १९८४ ते २००९ अशी २६ वर्षे एकाच मुख्य प्रशिक्षकाच्या, बॉबी बाउडन यांच्या हाताखाली राबलेले सहायक.

सहायकांसाठी १९९६ पासून ब्रॉयल्स पुरस्कार दिला जातो. त्याचे पहिले मानकरी अँड्रूजच. आर्कान्सा विद्यापीठाचे फ्रँक ब्रॉयल्स यांचे नाव त्याला आहे. त्यांचे अनेक सहायक पुढे नामांकित मुख्य प्रशिक्षक झाले. म्हणजे सहायकाच्या गौरवातही पुढची पायरी गृहीत धरलेली. २००६ मध्ये हा पुरस्कार फॉस्टर यांना मिळाला. इतर विद्यापीठांच्या मुख्य पदांसाठी त्यांचे नाव वारंवार घेतले गेले. ते त्या पदावर कधीच गेले नाहीत.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जण मृत्युमुखी पडले. मुंबईहून शिकावयास गेलेली एक विद्यार्थिनी आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही त्यांत होते. त्या हंगामात या ३२ जणांची नावे डब्यात ठेवली गेली. १ सप्टेंबरला संघ ईस्ट कॅरोलायनाविरुद्ध मैदानात उतरला आणि १७–७ असा जिंकला. खेळाने दुःख हलके होत नाही. पण ज्यांचे घर त्या गावात वीस वर्षे आहे, त्यांनी तो डबा पुढे करणे आणि काल आलेल्याने करणे यांत अंतर असते.

विद्येच्या दृष्टीने पाहिले तर सप्टेंबर २०१४ मधील विजय अधिक बोलका. ओहायो स्टेट संघाला त्याच्याच मैदानावर व्हर्जिनिया टेकने ३५–२१ असे हरविले. त्यासाठी फॉस्टर यांनी बचावाची नेहमीची मांडणी बदलून खास मोर्चा बांधला होता. ओहायो स्टेट पुढे त्याच हंगामात राष्ट्रविजेता ठरला; संपूर्ण हंगामात त्याचा हा एकमेव पराभव.

२०१५ च्या हंगामानंतर बीमर निवृत्त झाले. रीतीप्रमाणे फॉस्टर यांचेही बिऱ्हाड उठावयास हवे होते. मात्र नवे मुख्य प्रशिक्षक जस्टिन फुएंटे यांनी बचाव त्यांच्याकडेच ठेवला. आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या प्रमुखाखाली काम करताना ज्येष्ठतेचा तोरा आडवा येतो, हे कोणत्याही कचेरीत वा शिक्षककक्षात वावरलेल्यास सांगावे लागत नाही. फॉस्टर यांनी तीही चार वर्षे निभावली.

शेवट मात्र सोनेरी नव्हता. २०१८ मध्ये, तोवर एकही सामना न जिंकलेल्या ओल्ड डोमिनियन संघाने त्यांच्या बचावावर ४९ गुण चढविले. त्या हंगामात विजयांपेक्षा पराभव अधिक झाले. १९९२ नंतर असे प्रथमच घडले. २०१९ चा हंगाम अखेरचा, असे जाहीर करून ते उभे राहिले. अखेरचा सामना केंटकीकडून ३७–३० असा गमावून ३३ हंगामांनंतर त्यांनी निरोप घेतला.

या कारकिर्दीत मुख्य पद नाही, राष्ट्रीय अजिंक्यपदही नाही. तरीही तेहतीस वर्षांत ब्लॅक्सबर्गला आलेल्या खेळाडूंच्या कित्येक तुकड्यांना तोच माणूस, तीच शिस्त आणि तोच डबा लाभला. एका पिढीने शिकलेले पुढच्या पिढीला पहिल्यापासून शिकावे लागले नाही. संस्थेची स्मृती अशा माणसांत साठते, आणि ती त्यांच्याबरोबर निघूनही जाते. वरच्या जागेची इच्छा धरणे गैर नाही; पण दुसऱ्या जागेवर पूर्ण आयुष्य घालविता येते, ते उणे ठरत नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे म्हणूनच एक मागणे आहे. ज्यांनी आपल्याला पाढे, व्याकरण, कवायत शिकविली आणि ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत, त्यांच्याविषयी ज्याला जे आठवते ते त्याने लिहून शाळेच्या स्वाधीन करावे. नाव, विषय, वर्षे आणि एखादी आठवण, एवढे पुरे. हीरकमहोत्सवाचे मंडप चार दिवसांत उतरतील. ही वही मात्र शताब्दीला उपयोगी पडेल.