निसर्गाच्या वहीलाही गुण द्या



आपल्या शहरातल्या दिल्ली दरवाजासमोरच्या जुन्या खिज्री तलावाला आज सगळं शहर सलीम अली सरोवर म्हणतं. ज्यांचं नाव त्याला दिलं, त्या सलीम अलींना झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती. कारण एवढंच, की विद्यापीठाची पदवी नव्हती.

१९३० मध्ये ते जर्मनीहून परतले, तोवर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाही रद्द झाली होती. मग अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटं अर्धवट विणून ठेवतो. माद्या येतात, पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं, की मगच तो ते पुरं करतो, खाली लांब नळी विणतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं सुरू करतो. मराठवाड्यात विहिरीवरच्या बाभळीला ही घरटी कुणी पाहिली नाहीत? पण तासन्‌तास बसून हे टिपून ठेवलं ते पदवी नसलेल्या या माणसानं.

असं निसर्गनिरीक्षण शाळेतच शिकता यावं, म्हणून इंग्लंडमध्ये सोळा वर्षांच्या मुलांच्या जीसीएसई परीक्षेत निसर्गेतिहास हा स्वतंत्र विषय आणण्याची घोषणा एप्रिल २०२२ मध्ये झाली. मेरी कोलवेल या लेखिकेनं त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. विषय सुरू करण्यासाठी ठरलेलं २०२५ साल मात्र हुकलं.

आपल्याकडे १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. ते आलंही, प्रदूषण, ओझोन, पाणीटंचाई मुलं पाठ करतात. पण शाळेच्या फाटकातलं झाड करंज की कडुनिंब, हे कुणी विचारत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण ज्याला गुण नाहीत त्याला आपल्या वेळापत्रकात तासही मिळत नाही.

आणि या जिल्ह्यात शिकायला काय नाही? पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तिथे रोहित उतरतात. कन्नडला गौताळा आहे, शहरातच हिमायत बाग आहे. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे.

असा विषय आपल्याकडे आणण्याचा शिक्षण मंडळाचा निर्णय होईल तेव्हा होईल. मुख्याध्यापकांना विनंती आहे, की येत्या जूनपासून नववीच्या प्रत्येक मुलाला एक कोरी वही द्यावी, महिन्यातली एक सकाळ सरोवराच्या काठी ठेवावी आणि वर्षअखेर त्या वहीला शाळेचं प्रमाणपत्र द्यावं.