दवाखान्यात गेलेल्याचा शिधा



बंगळूरच्या जुन्या पेठेत मराठी बोलणारी घरे बरीच जुनी आहेत. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, इतका तरी हा संबंध मागे जातो. चिकपेट, नगर्तपेट, बळेपेट या एकमेकींना खेटून वसलेल्या गल्ल्यांत शिवणकाम आणि कापडाच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या असलेले भावसार आहेत. सोन्याचांदीची आटणी करणारे गलाईवालेही आहेत. त्यांची मूळ घरे सांगली जिल्ह्यात, खानापूर-आटपाडीकडे. शेतीला पाणी नाही म्हणून तेथील माणसे देशभरच्या सराफकट्ट्यांवर पांगली, त्यांतली काही येथे आली. साड्यांच्या दुकानांची झगमग पाहून परतणाऱ्या गिऱ्हाइकास या दुकानांच्या माडीवर आणि मागच्या बोळांत राहणारा हमाल, कारागीर, शिंपी दिसत नाही. आजचा विषय त्याच्या घरातला आहे.

असे एक घर कल्पावे. नवराबायको आणि दोन मुले. नवरा दिवसाच्या मजुरीवर काम करतो आणि त्या मजुरीचा मोठा भाग दारूत जातो. कर्नाटकात २००७ च्या जुलैपासून सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली; पिणे मात्र बंद झाले नाही, ते महाग झाले. एके दिवशी हा माणूस उपचारास तयार होतो. होसूर रस्त्यावरील निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे, तेथे त्याला ठेवून घ्यावे लागेल असे डॉक्टर सांगतात. बायकोच्या मनात पहिला विचार रोगाचा येतो असे वाटेल. प्रत्यक्षात ती विचारते ते असे: हे महिनाभर घरात नसतील, सरकारी दवाखान्यात जेवतील, मग आमच्या कार्डावरचे यांचे नाव कापले जाईल काय?

प्रश्न क्षुल्लक नाही. मजुरी थांबलेली असताना घरात येणारा तांदूळ हाच तेवढा निश्चित आधार उरतो. कित्येक सरकारी रुग्णालयांत रोग्याच्या सोबतीला घरचे एक माणूस लागते, तेव्हा तिचीही मजुरी बुडते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळावयाचे असते. २०२३ च्या जानेवारीपासून केंद्राने ते विनामूल्य केले. कर्नाटकाने त्यात माणशी आणखी ५ किलोंचे आश्वासन दिले. तांदूळ उपलब्ध होईना म्हणून २०२३ च्या जुलैपासून त्याऐवजी माणशी १७० रुपये खात्यात जमा होऊ लागले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रोख रक्कम थांबवून तांदूळ देण्याचे ठरले. चौघांच्या घरात १० किलोंच्या हिशेबाने ४० किलो होतात. एक नाव कमी झाले तर ३० राहतात. हे १० किलो ज्याला नगण्य वाटतात, त्याने कधी महिनाअखेरीस डबे झाडून पाहिलेले नसतात.

कायद्याचे उत्तर त्या बाईला दिलासा देणारे आहे. या कायद्यात धान्याचा हक्क शिधापत्रिकेवरील माणसे मोजून ठरतो. कोणी त्या महिन्यात कोठे जेवले याचा हिशेब तेथे नाही. घरातले माणूस रुग्णालयात आहे म्हणून कुटुंबाचा वाटा कमी करावा असे कलम त्यात नाही. नाव निघते ते मृत्यूने, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेल्याने, कायमच्या स्थलांतराने किंवा वेगळे कार्ड काढल्याने. अंत्योदय कार्डाची गोष्ट तर याहून सरळ आहे. तेथे मूळ हक्क दर कुटुंबास ३५ किलो असा असल्याने डोकी मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवलेला आहे. १९६४ च्या फूड स्टँप कायद्याने तेथील अन्नसाहाय्य कायमस्वरूपी झाले; २००८ मध्ये त्याचे नाव बदलून पूरक पोषण साहाय्य असे झाले. जी संस्था आपल्या निवासी माणसास निम्म्याहून अधिक जेवण देते, तेथील माणसास हे साहाय्य मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम. परंतु मद्य आणि मादक द्रव्ये यांच्या उपचारकेंद्रांना त्यातून वगळले आहे. ना-नफा तत्त्वावरील वा सार्वजनिक केंद्रातील रोग्याचा अर्ज केंद्राच्याच प्रतिनिधीने करावयाचा, रोग्यास एकट्याचे कुटुंब समजावयाचे आणि त्याचे साहाय्य केंद्राने त्याच्या जेवणासाठी वापरावयाचे. तो महिन्याच्या सोळा तारखेपूर्वी केंद्र सोडून गेला तर त्या महिन्याचा निम्मा वाटा त्याला परत द्यावा लागतो. नियम इतका बारीक आहे की वाचताना हसू येते. पण ज्या माणसाने अर्ध्यावर उपचार सोडले त्यालाही उपाशी बाहेर पाठवू नये, एवढी काळजी त्यात आहे. त्याच देशाने १९९६ मध्ये मादक द्रव्यांच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना हे साहाय्य जन्मभर बंद करण्याचा कायदा केला आणि राज्यांना त्यात सूट देण्याची मुभा ठेवली. पुढे अनेक राज्यांनी ती बंदी उठवली किंवा सैल केली, आणि काहींनी उपचार घेणे ही सवलतीची अट केली. तेथे उपचाराचा कागद अन्नाचे दार उघडतो. येथे उपचाराने दार बंद होत नाही, इतकेच.

मग भीती कशाची? ती कायद्यात नाही, लाजेत आहे. नवरा व्यसनोपचारासाठी गेला असे शेजारी सांगणे जड जाते. ‘गावी गेले आहेत’, ‘कामाला बाहेर गेले आहेत’, असे सांगितले जाते. सांगलीकडील घरांना हे सांगणे सोपेही पडते, कारण गावी जाणे हे तेथे नित्याचेच असते. पण शिधापत्रिकांची तपासणी करणारा माणूस त्याच दिवसांत दारी आला आणि शेजाऱ्याने ‘तो आता येथे राहत नाही’ असे भाबडेपणाने सांगून टाकले, तर तो स्थलांतर समजून बसू शकतो. व्यसन लपविण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाव कापण्याचे कारण ठरावी, हा प्रकार विचित्र खरा. ‘रुग्णालयात आहेत’ एवढे खरे सांगितले तरी पुरे. रोग कोणता हे सांगण्याची सक्ती नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि मादक द्रव्यांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांनाही मानसिक आजारात धरले आहे, आणि अशा रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन रुग्णालयावर घातले आहे. (निम्हान्सचे नाव वाचूनच लोक काय ते समजतात, ही अडचण कोणत्याही कायद्याला दूर करता आलेली नाही.)

याच कायद्यात शिधापत्रिकेशी थेट जोडलेले एक कलम आहे. दारिद्र्यरेषेखालील रोग्यास, त्याच्याजवळ तसे कार्ड असो वा नसो, शासनाने चालविलेल्या किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत, असे ते म्हणते. ‘असो वा नसो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कारण व्यवहारात सवलतीच्या खिडकीवर प्रथम कार्डच मागतात, आणि व्यसनी माणसाच्या घरात ते पुष्कळदा जागेवर नसते. कधी सावकाराकडे गहाण असते, कधी उधारीच्या बदल्यात कोणी ठेवून घेतलेले असते. तांदूळ घरी येण्यापूर्वीच विकून त्याची दारू झाली, ही तक्रारही बायका करतात. २०१३ च्या कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरविले, त्याचे मोल अशा घरात कळते. कर्नाटकात २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहाचे २००० रुपयेही कार्डावरील प्रमुख स्त्रीच्या नावेच जमा व्हावयाचे ठरले.

दुकानावर, ज्याला कन्नडात न्यायबेले अंगडी म्हणतात, अंगठा लावावा लागतो. कार्डावरील कोणीही तो लावू शकतो. पण बाई दवाखान्यात सोबतीला आणि मुले लहान, अशा वेळी महिना निघून जाण्याची भीती असते. आटणीच्या कामात आम्लाने आणि धगीने बोटांची कातडी झिजते, त्यामुळे ठसा उमटत नाही, तो भाग वेगळाच. ठसा जुळला नाही किंवा आधार नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळविलेले आहे. दुकानदारास ते ठाऊक असतेच असे नाही.

ज्यांचे कार्ड महाराष्ट्रातले आहे त्यांना आता बंगळूरच्या दुकानातही धान्य उचलता येते. २०२२ च्या जूनपर्यंत ही सोय सर्व राज्यांत पोहोचली. येथल्या माणसाने आपला वाटा येथे घ्यावा आणि गावच्या मंडळींनी उरलेला तेथे घ्यावा, असेही चालते. मिळतो तो केंद्राचा ५ किलोंचा वाटा. कर्नाटकाची भर त्यात नसते.

उपचारास जाणारे मुळात फार थोडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाने काहीतरी उपचार घेतल्याचे आढळले, आणि रुग्णालयात राहून उपचार घेणारा १८० जणांत एक. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य होते. तेथील उपचार ३५ दिवसांचा आहे. घरचे माणूस ३५ दिवस बाहेर राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांना सांगून कळत नाही.

घरी परतल्यावर शिध्याचा आणखी एक प्रश्न उभा राहतो. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या शरीरात थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची, कमतरता असते. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वर्णिलेला मेंदूचा विकार, ज्यात डोळे स्थिर राहत नाहीत, चाल अडखळते आणि बुद्धी गोंधळते, तो यातूनच होतो. रुग्णालयात म्हणूनच थायमिन आरंभीच देतात. घरी मात्र पुन्हा सडलेला, पांढरा तांदूळ, ज्यातले थायमिन सडताना निघून गेलेले असते. शिध्याच्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ घालणे सक्तीचे आहे, ब१ ऐच्छिक. दक्षिण कर्नाटकात शिध्यावर नाचणीही देतात. तिचे मुद्दे करून खाणाऱ्या घरात हा माणूस थोडा सुरक्षित राहतो. गलाईवाल्यांच्या घरी ज्वारीच्या भाकरीची सवय आहे, तिचाही उपयोग होतो.

सर्वांत अवघड अवस्था एकट्याची. माडीवरच झोपणारा, कार्डावर स्वतःचे एकच नाव असलेला कारागीर उपचारास गेला, तेथून गावी गेला, पुन्हा पिऊ लागला, पुन्हा दाखल झाला, असे सहा महिने सहज जातात. २०२५ च्या जुलैत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय होते आणि पुढील तीन महिन्यांत घरी येऊन तपासणी व आधारची पडताळणी व्हावयाची असते. तपासणीस आलेल्या माणसाला त्या माडीवर कोण भेटणार? अशा माणसाने दाखल होण्यापूर्वी एकदा आणि बाहेर आल्यावर लगेच एकदा आपला शिधा उचलावा, आणि दाखल झाल्याचा व सुटल्याचा, असे दोन्ही कागद कार्डाबरोबर जपावेत. कार्ड कोणाकडे ठेवावयाचे हे मात्र त्याने शुद्धीवर असताना ठरवावे.