काँग्रेस विहीर आणि माळ्यावरची पेटी
मंडळी, सेवेच्या क्लबात इतिहास कशाला, असं दोघा-तिघांनी विचारलं. सांगतो. डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. हे परीक्षेपुरतं पाठ असतं. पण आलेल्या हजारो माणसांना पाणी कुठलं? त्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली. ती अजून आहे. गंगाधरराव देशपांडे पुस्तकात सापडतात. कुदळ मारणारे, पंगती वाढणारे नाहीत. ते सापडले तर घरातल्या पत्रांत, मोडीतल्या कागदांत. आणि ते कागद गणपतीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात! म्हणून यंदा ब्लँकेटं वाटायला जाऊ, तेव्हा आजी-आजोबांना माळ्यावरची पेटी उघडायला सांगू. कागद त्यांच्याकडेच राहू देत, आपण फोटो काढू. रविवारी शहापुरातून सुरुवात. मोबाईल चार्ज करून या.