बांधकामाला निधी, झाडूला वर्षासन
(जेऊर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय आहे ‘तीर्थक्षेत्र विकास आणि शासकीय निधी’. निधीच्या वाटा तुम्हांला ठाऊकच आहेत. ‘क’ वर्गाच्या तीर्थक्षेत्रांची कामं जिल्हा नियोजन समितीतून, ‘ब’ वर्गाची ग्रामविकास विभागातून, मोठ्या देवस्थानांचे आराखडे थेट राज्याचे. केंद्राची ‘प्रसाद’ योजना २०१४-१५ पासूनची, तिच्यात आपलं त्र्यंबकेश्वर आहे. त्यात वेळ घालवत नाही.

६ मे २०२५ रोजी चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली. चौंडी म्हणजे आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातलं अहिल्यादेवी होळकरांचं गाव. तिथं तुळजाभवानीला १,८६५ कोटी, कोल्हापूरच्या महालक्ष्मीला १,४४५ कोटी, माहूरला ८२९ कोटी, त्र्यंबकेश्वरला २७५ कोटी आणि खुद्द अहिल्यादेवींच्या स्मृतिस्थळाला ६८१ कोटी असे आराखडे मंजूर झाले. इतर आराखडे धरून सगळे मिळून साडेपाच हजार कोटी. (टाळ्या)

वाजवा, जरूर वाजवा. पण माझा प्रश्न बांधून झाल्यावरचा आहे. फीत कापली, मंडप उठला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं झाडणार कोण, आणि त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार?

एका ‘क’ वर्गाच्या गावाला गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण अशी गावं कैक आहेत. देवळामागं सुरेख स्वच्छतागृह, फरशी बसवलेली, दारावर निधीचा फलक, आणि कडीला कुलूप. बाहेर परगावच्या दहाबारा बाया ताटकळत उभ्या. किल्ली कुठं? शिपायाकडं. शिपाई कुठं? बार्शीच्या बाजाराला. (हशा) हसू नका, पुढं ऐका. माणूस धाडला, किल्ली आली, कुलूप निघालं, तर नळाला पाणी नाही. मोटार आहे, बोअर आहे, टाकी आहे. पण बिल थकल्यामुळं वीज तोडलेली. सरपंचांना भेटलो. भला माणूस. म्हणाले, ‘साहेब, बांधायला आले पंधरा लाख. चालवायला एक रुपया नाही. गावची घरपट्टी, पाणीपट्टी गावालाच पुरत नाही, यात्रेकरूंचं बिल कशातून भरू?’ त्या बायांमधली एक म्हातारी तेवढ्यात काठी टेकत ओढ्याकडं निघाली. साठी उलटलेली बाई, भरदिवसा, आडोसा शोधत. मंडळी, पंधरा लाखांचं काम असून तिच्या नशिबी ओढाच.

ही त्या सरपंचांची चूक नव्हे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी गावाला पैसा दिला. त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेला चाळीस टक्के मोकळा. पण त्या मोकळ्या पैशातूनसुद्धा पगार देता येत नव्हता. भिंत बांधायला वाट होती, झाडू धरणाऱ्या हाताला मात्र नव्हती.

मागून कोणीतरी म्हणालं, ‘म्हणजे देवळाला पैसा नको?’ नाही हो, तसं मी म्हटलेलंच नाही. देवाच्या दारी येणारा गरीब असतो, त्याच्यासाठी सरकारनं खर्च करावा, भरपूर करावा. पण तो खर्च त्याच्या तहानेपर्यंत पोचावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि हे मी नवीन सांगत नाही. ज्यांच्या गावी ती बैठक झाली, त्या अहिल्यादेवींनीच हे करून दाखवलं. काशीचं मंदिर, सोमनाथ, घाट, पंढरपुरातला होळकर वाडा, हे सगळं तुम्हांला पाठ आहे. पण पैसा कुठला, हे विचारा. १७३४ साली त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावे जी खासगी जहागीर लावून दिली होती, त्या खासगीचं उत्पन्न. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. आणि त्या उत्पन्नातून नुसते चिरे बसवले नाहीत, माणसं पोसली: पूजा करणारा, अन्नछत्र चालवणारा, गंगेची कावड वाहणारा. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं लिहून ठेवलंय की उन्हाळ्यात अहिल्यादेवींची माणसं रस्त्यावर वाटसरूंना पाणी द्यायला बसत आणि नांगराच्या बैलांनासुद्धा थांबवून पाणी पाजत. बैलांना, मंडळी! (टाळ्या) दरसालची तजवीज असल्याशिवाय हे होत नाही.

आता आपल्याकडं या. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि करमाळ्याहून जेऊर, कंदर करत पंढरीला जाते. निघण्याच्या गावी कोटी, पोचण्याच्या गावीही कोटी. मधे जेऊरला काय? तुमच्या घरची भाकरी आणि तुमच्या विहिरीचं पाणी. २०२४ पासून दिंडीला वीस हजारांचं अनुदान सुरू झालं, चांगलं झालं. पण ते दिंडीला. मुक्कामाच्या गावानं झाडायचं, पाणी भरायचं, आणि पालखी पुढं गेल्यावर पुन्हा झाडायचं. तो खर्च कोणी उचलायचा?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली.   हिशोब मात्र सांगून जातो.

एक कोटीचं काम मंजूर करताना ऐंशी लाखांचं बांधा आणि वीस लाख ठेव म्हणून ठेवा. सात टक्क्यांनी वर्षाला एक लाख चाळीस हजार व्याज, महिन्याला साडेअकरा हजारांच्या वर. तेवढ्यात झाडणारी एक बाई आणि वीजबिल भागतं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज बचत गटाच्या हाती द्यायचं, हिशोब ग्रामसभेत वाचायचा. सभामंडप दोन खण लहान झाला तर देव रागावत नाही.

कोणी म्हणेल, नियमात बसत नाही. मग नियम बदलायची मागणी करू. सुरुवात जेऊरनं करावी. पालखीच्या आधीच्या ग्रामसभेत ठराव घ्या: मुक्कामाच्या प्रत्येक गावाला तीर्थक्षेत्र निधीतून दरवर्षी देखभालीची रक्कम मिळावी. एक प्रत कंदरला धाडा, एक वाटेवरच्याच करकंबला. वाटेवरच्या सगळ्या गावांचे ठराव एकत्र जिल्हा नियोजन समितीकडं गेले, तर समितीला उत्तर द्यावंच लागेल. मसुदा लिहून आणलाय, खाली उतरल्यावर सरपंचांच्या हाती देतो.