निवृत्तीची तारीख नसलेले हात

(पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पुण्याला पेन्शनरांचे शहर म्हणण्याची प्रथा जुनी आहे आणि या सभागृहाकडे एक नजर टाकली, तर ती निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. (हशा) येथे बसलेल्या बहुतेकांच्या आयुष्यात एक ठरलेली तारीख येऊन गेली. त्या दिवशी निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले, सहकाऱ्यांनी चार गौरवाचे शब्द उच्चारले आणि पुढच्या महिन्यापासून निवृत्तिवेतन बँकेत जमा होऊ लागले. काम थांबले, पण त्यामुळे घरातली चूल थांबली नाही. ज्यांच्या वाट्याला ही तारीखच येत नाही, अशा आपल्याच गावातील मंडळींविषयी आज मला बोलायचे आहे.

शनिवारवाड्यापासून चालत काही मिनिटांवर, कसबा पेठेत तांबट आळी आहे. येथील त्वष्टा कासार समाज पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात आला. त्वष्टा हा वेदांतला देवांचा कारागीर, इंद्राचे वज्र घडवणारा. ते नाव हा समाज आजही अभिमानाने लावतो. आपल्या आजीच्या घरातला पाणी तापवायचा बंब, हंडे, कळशा, घंगाळी या भांड्यांचे घडवणारे हात याच आळीतले. पुढे स्टेनलेस स्टील आले, ॲल्युमिनियम आले, गॅसचे आणि विजेचे गीझर आले, बंब अडगळीत गेला आणि आळीतल्या एकेका घरातला हातोडा शांत होत गेला. तरीही जिथे तो अजून चालतो, तिथे तो पुष्कळदा साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाच्या हातात आढळतो.

या कामाला मठारकाम म्हणतात. तांब्याचा पत्रा ठोकून भांड्याला आकार दिला, की काम संपले असे नाही. आरशासारख्या गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्या भांड्यावर एकापाठोपाठ एक ठोके द्यायचे असतात. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला लागून पडला पाहिजे. त्याच्यावर पडता कामा नये, आणि दोहोंत अंतरही राहता कामा नये. भांडे हळूहळू फिरत असते आणि हातोडी एका लयीत पडत असते. त्यातून उमटणाऱ्या त्या चमकदार खळ्यांना आपण नक्षी समजतो. परंतु ती केवळ नक्षी नव्हे. ठोक्यांनी तांबे कठीण होते, पातळ पत्र्याच्या भांड्याला बळकटी येते. ठोकता ठोकता धातू फार ताठर झाला तर तो फुटतो, म्हणून मध्येच भांडे तापवून पुन्हा नरम करावे लागते. नेमके केव्हा तापवायचे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. हातोडीखालचा आवाज बदलला, की कारागिराला ते कळते. आणि दैवदुर्विलास असा, की जन्मभर त्याच आवाजात बसल्यामुळे उतारवयात अनेकांचे कान मंदावतात. तरीही हात चुकत नाही. कानाने शिकलेले काम पुढे मनगटच लक्षात ठेवत असावे.

आता आपण मध्यमवर्गीय माणसे हे दृश्य पाहतो आणि भारावून जातो. ‘बघा, पंचाहत्तरीतही कसा उत्साह! याला म्हणतात कर्मयोग!’ वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. मला हे कौतुक खोटे वाटत नाही, पण ते अपुरे वाटते. या उत्साहात स्वेच्छा किती आणि नाइलाज किती, हा प्रश्न आपण सोयीस्करपणे विचारत नाही. ज्याला थांबता येणे शक्य आहे आणि तरीही जो थांबत नाही, त्याच्याच बाबतीत ‘त्याने काम निवडले’ असे म्हणता येईल. ज्याला थांबणे परवडतच नाही, त्याच्या कष्टांना कर्मयोग म्हणणे ही त्याची स्तुती नसून आपल्या मनाची समजूत आहे.

निवृत्तीचे वय ही कल्पना मुळात कार्यालयाची आणि कारखान्याची आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1889 मध्ये, कामगारांसाठी वृद्धत्वाच्या विम्याचा कायदा झाला तेव्हा वय 70 ठरले. 1916 मध्ये ते 65 वर आणले गेले. आपल्याकडे केंद्र सरकारने 1998 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय 58 वरून 60 केले. हे सारे आकडे पगारपत्रकावर नाव असलेल्यांचे. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, चर्मकार, तांबट यांचे नाव कोणत्याच पगारपत्रकावर नव्हते. जुन्या गावगाड्यात बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. तो हक्क वतनाचा, म्हणजे एका माणसाचा नव्हे तर घराण्याचा असे. म्हातारा सुतार वाकस बाजूला ठेवी, मुलगा ती उचली आणि वाटा घरात येतच राही. एका परीने ती निवृत्तीची सोयच होती. पण तिचे गोडवे गाताना हेही सांगितले पाहिजे, की त्या व्यवस्थेने सुताराच्या पोराला सुतारच ठेवले. त्याला दुसरे काही व्हायचे असले तरी दार बंद होते. ते दार उघडले हे उत्तमच झाले. मात्र नवे दार उघडताना म्हाताऱ्याचा वाटा कोठे गेला, याची चौकशी कोणी केली नाही.

आपण वानप्रस्थाचा दाखला सहज देतो. नातवाचे तोंड पाहिले, की संसाराची सूत्रे मुलाच्या हाती द्यावीत आणि आपण सल्ल्यापुरते उरावे, ही कल्पना किती सुंदर! परंतु वानप्रस्थाला गृहस्थाश्रमाची शिल्लक लागते. जिथे शिल्लक नाही आणि मुलगा माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपनीत हिंजवडीला गेलेला आहे, तिथे सूत्रे कोणाच्या हाती द्यायची? मुलगा गेला यात त्याचा दोष नाही. आपलीही मुले गेलीच आहेत, काहींची तर हिंजवडीच्या पुष्कळ पलीकडे. (हशा)

शासनाने या प्रश्नाकडे पाठ फिरवली आहे, असे मी म्हणणार नाही. अटल पेन्शन योजना 2015 मध्ये आली. असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना 2019 मध्ये आली. तीत साठीनंतर दरमहा 3000 रुपयांची हमी आहे. दोन्ही योजना चांगल्या आहेत. परंतु दोन्हींत प्रवेशाचे वय 18 ते 40. म्हणजे आज जो कारागीर साठीत वा सत्तरीत आहे, त्याच्यासमोर ही गाडी आली तेव्हाच तिचे दार बंद होते. असंघटित कामगारांच्या नोंदीसाठी 2021 मध्ये ई-श्रम संकेतस्थळ सुरू झाले, त्याची वयोमर्यादा 16 ते 59. साठीनंतर जो हातोडा उचलतो, तो त्या नोंदवहीच्या दृष्टीने कामगारच नाही! 2023 च्या विश्वकर्मा जयंतीला, 17 सप्टेंबरला, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी 15000 रुपये, दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत सवलतीचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. आणि वयाला वरची मर्यादा नाही, ही मोठीच गोष्ट. पण त्या वेळी जाहीर झालेल्या 18 व्यवसायांच्या यादीत लोहार आहे, सोनार आहे, कुंभार आहे, तांबट नाही. ज्या समाजाने देवांच्या कारागिराचे नाव धारण केले, तो विश्वकर्म्याच्या यादीतून निसटावा, हे मनाला लागते. यामागे कोणाचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही. संख्येने थोडे आणि आवाजाने मंद असलेल्यांचे असेच होते.

पोटापाण्याची ही बाजू झाली. दुसरी बाजू मला तितकीच गंभीर वाटते, आणि ती पैशाने पूर्णपणे सुटत नाही. तिच्यासाठी थोडा वेळ मिरजेला जाऊ.

मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारी शिकलगार मंडळी आहेत. शिकलगार म्हणजे शस्त्रांना पाणी आणि धार देणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या तलवारी म्यानात गेल्या, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूरच्या परिसरात पिकणारा भोपळा वाळवून तंबोऱ्याची घुमटी होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा कापणे, लाकूड तासणे ही अंगमेहनतीची कामे तरुण हात करू शकतात. परंतु शेवटी ‘जवारी’ काढायची असते. घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित किंचित घासत न्यायचा, की तार त्याला जेमतेम स्पर्श करीत झंकारावी आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलावेत. एक घासणी जास्त झाली तर वाद्य मुके होते. येथे बाहुबळ लागत नाही. कान लागतो, आणि तो पिकायला वर्षे लागतात. म्हणून थकलेल्या देहाचा वृद्ध कारागीर जवारीसाठी अखेरपर्यंत हवाच असतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक कारागिरीत वयाबरोबर उतरणारा एक भाग असतो आणि वयाबरोबर चढणारा एक भाग असतो. तांबटाचा खांदा उतरतो, अंदाज चढतो. शिंप्याची नजर उतरते, पण गिऱ्हाईक दारातून आत येताच त्याचा एक खांदा किंचित खाली आहे हे त्याला दिसते. कल्हईवाल्याला भाता ओढताना धाप लागते, पण तापल्या भांड्यावर नवसागर केव्हा टाकायचा आणि कथील केव्हा टेकवायचे तो क्षण त्याला अचूक साधतो. आपली गफलत अशी, की आपण त्याच्याकडून उतरणाऱ्या भागाचे काम अखेरपर्यंत करून घेतो, आणि चढलेला भाग त्याच्याबरोबर स्मशानात जाऊ देतो.

जपानने याबाबतीत शहाणपणा दाखवला. 1950 च्या कायद्याने तेथे श्रेष्ठ कारागिरांना आणि कलावंतांना राष्ट्राची जिवंत संपत्ती मानण्याची पद्धत रूढ झाली. त्यांना दरवर्षी 20 लाख येनचे अनुदान मिळते. ते घरी बसण्यासाठी नव्हे, तर विद्या वाढवण्यासाठी आणि पुढे देण्यासाठी. तेथील इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. मागचे 2013 मध्ये झाले, पुढचे 2033 मध्ये व्हायचे आहे. विशीत जो सुतार हाताखाली राबला, तो चाळिशीत मुख्य काम करतो आणि साठीत उभा राहून दाखवतो. आपल्याकडेही 2002 पासून केंद्र सरकार ‘शिल्पगुरू’ हा सन्मान देते. सन्मान व्हावाच. पण गुरू म्हटले की समोर शिष्य बसलेला हवा, आणि शिष्याला त्या काळात खायला हवे.

पुण्यात प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. इंटॅकच्या पुणे शाखेने तांबट आळीतील कारागिरांना नव्या घाटाच्या वस्तूंकडे वळवण्यासाठी पुढाकार घेतला. ‘स्टुडिओ कॉप्रे’सारख्या उपक्रमांतून मठारकामाच्या वस्तू आता बंबाच्या नव्हे, तर दिवाणखान्याच्या रूपात घरोघरी जातात. किंमत ऐकून काहींच्या भुवया उंचावतात. उंचावू द्या. त्या किमतीत हजारो ठोके असतात, आणि ते मोजून कोणी घेतलेले नाहीत.

आता आपल्याकडे वळतो. या सभागृहात बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, शासकीय सेवेत फायली हाताळलेले आहेत. तांबट आळी येथून फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. राज्य शासनाची श्रावणबाळ योजना पासष्टीनंतरच्या निराधारांसाठी आहे. तिचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा यांत कितीतरी पात्र माणसे अडकून पडतात. आपल्यापैकी ज्यांनी आयुष्यभर अर्ज तपासले, त्यांनी आता दोन-चार अर्ज भरून द्यायला काय हरकत आहे? विश्वकर्मा योजनेत तांबटांचा समावेश व्हावा, यासाठीचे निवेदन आपल्यातलेच कोणी आज रात्री लिहू शकेल. मसुदा करण्यात पुणेकरांचा हात कोणी धरणार नाही. (हशा)

आणखी एक सुचवतो. आपल्या माळ्यावर जुना बंब, चेपलेले घंगाळ, गळकी कळशी असेलच. मोडीत घालू नका. ते दुरुस्तीला न्या आणि बरोबर नातवाला न्या. कारागिराला आधीच सांगा, की या मुलाला कसे ठोकतात ते तासभर दाखवा, आणि त्या तासाचे पैसे दुरुस्तीच्या पैशांहून वेगळे घ्या. ते तो बहुधा नाकारील. ‘अहो, शिकवायचे कसले पैसे घ्यायचे?’ असे म्हणेल. तरी द्या. हिशेबाच्या कागदावर दुरुस्तीची रक्कम एका ओळीत आणि शिकवण्याची रक्कम दुसऱ्या ओळीत, अशी वेगळी लिहून द्या.